सातारा-सांगलीहून स्वतःच्या गाडीने दूरचा प्रवास : पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

रस्त्यांच्या बाबतीत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मोक्याच्या जागी आहेत. साताऱ्याच्या उशाशी असलेला राष्ट्रीय महामार्ग ४८ एकीकडे पुणे, सुरत, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला आणि दुसरीकडे कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू करत चेन्नईला जातो. मिरजेजवळून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा जाऊन बुटीबोरीजवळ श्रीनगर-कन्याकुमारी या ४४ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. त्यामुळे कोणत्याही दिशेला जायचे ठरवले, तरी पहिल्या दिवशीच तुम्ही मोठ्या रस्त्याला लागता. अडचण रस्त्याची नसून नियोजनाची असते, आणि बहुतेक जण ते नकाशावरच्या किलोमीटरवर करतात. दूरच्या प्रवासाचे वेळापत्रक उजेडाच्या तासांवर बांधावे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे, आणि पुढचे बहुतेक टप्पे त्याच अनुषंगाने लिहिले आहेत.

१. दिशा आणि महिना एकत्रच ठरवा

आपल्याकडे सुट्टी आधी मिळते आणि ठिकाण नंतर ठरते. मुलांची दिवाळीची सुट्टी म्हणजे कन्याकुमारी आणि मे महिना म्हणजे काश्मीर, असा एक ठरलेला हिशेब असतो. त्यातला पहिला अर्धा भाग तपासून घ्यावा. आपल्याकडचा पाऊस संपतो त्याच सुमारास तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तो ऑक्टोबर ते डिसेंबर चालतो. दिवाळीत तिकडे जाऊच नये असे नाही, परंतु किनाऱ्यालगतच्या मुक्कामांसाठी हाताशी मोकळा दिवस ठेवावा. जानेवारी-फेब्रुवारी हा दक्षिणेसाठी अधिक सुखाचा काळ आहे.

उत्तरेकडे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात दाट धुके असते. खंबाटकीतले पावसाळी धुके पाहिलेल्या माणसाला वाटते की, आपल्याला त्याची सवय आहे. तथापि घाटातले धुके एखाद्या वळणानंतर संपते, आणि मैदानातले मात्र सकाळी नऊ-दहापर्यंत शेकडो किलोमीटर तसेच राहते. त्या दिवसांत पहाटे निघण्याचा आपला शिरस्ता मोडून उशिरा निघावे. राजस्थानसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हिमाचल आणि उत्तराखंडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, म्हणून त्या दोन महिन्यांत तिकडचे बेत टाळावेत. मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला राहतो. तो उघडल्याची खात्री झाल्याशिवाय रजा टाकू नये.

दोन गोष्टी दिनदर्शिकेत पाहून ठेवा. आषाढी वारीच्या दिवसांत लोणंद, फलटण, नातेपुते या पालखी मार्गावरची वाहतूक वळवलेली असते, म्हणून त्या बाजूने सोलापूरकडे निघण्याचा विचार सोडावा. दुसरी गोष्ट उत्तरेतल्या श्रावणाची. तिकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो, आणि त्या काळात दिल्ली-हरिद्वार परिसरातले रस्ते कावड यात्रेसाठी वळवले किंवा बंद केले जातात. आपल्या दिनदर्शिकेत आषाढ असल्याने हे ध्यानात येत नाही.

२. रोजचे अंतर उजेडावरून काढा

नकाशाचे अॅप ४५० किलोमीटरला आठ तास दाखवते तेव्हा त्यात चहा, जेवण, इंधन, मुलांचे थांबणे आणि टोलवरची रांग धरलेली नसते. अॅपच्या वेळेत किमान एक चतुर्थांश वेळ मिळवावा, घाटरस्ता असेल तर एक तृतीयांश. मग मुक्कामाच्या गावचा सूर्यास्त पाहावा आणि त्याच्या अर्धा तास आधी गाडी उभी राहील, असे अंतर ठरवावे. डिसेंबरअखेरीस साताऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दिल्लीत साडेपाचच्या सुमारास, आणि गुवाहाटीत तर साडेचारच्या आसपास. पूर्वेकडे जाताना दिवसाचे दीड-दोन तास संध्याकाळकडून कापले जातात आणि त्यांतले बरेचसे पहाटे मिळतात. नऊ वाजता न्याहारी करून निघणाऱ्याला ते काही उपयोगी पडत नाहीत.

चौपदरी रस्त्यावर, एकच चालक असेल तर, दिवसाला ४०० ते ४५० किलोमीटर पुष्कळ झाले. डोंगराळ भागात १५० ते २०० हा आकडा धरा. उदाहरणादाखल, सातारा ते कन्याकुमारी हे सुमारे १,४०० किलोमीटर अंतर तीन दिवसांत करणारे अनेक जण आहेत, पण पहिल्या खेपेला चार दिवस घ्यावेत: पहिला मुक्काम दावणगिरी, दुसरा कृष्णगिरी, तिसरा मदुराई, आणि चौथ्या दिवशी दुपारी कन्याकुमारी. यात पहिला दिवस सर्वांत मोठा आहे, कारण त्या दिवशी अंगात उत्साह असतो आणि कोल्हापूरपर्यंतचा रस्ता पायाखालचा असतो. दर चार दिवसांच्या प्रवासामागे एक दिवस कोरा सोडावा. तो कशासाठी, असे घरात विचारले जाईल. तो पंक्चरसाठी, पोटदुखीसाठी किंवा मदुराईत आणखी एक दिवस राहावेसे वाटले तर त्यासाठी असतो.

रात्री गाडी चालवू नका, हा सल्ला सर्वच देतात. आपल्या भागात त्याला खास कारण आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा, पलूस या पट्ट्यात उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, असलाच तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि मागच्या ट्रॉलीतून एक-दोन मोळ्या बाहेर आलेल्या असतात. समोरच्या वाहनाच्या प्रकाशात दिसतो तो फक्त काळा ढीग, आणि तोही पन्नास फुटांवर आल्यावर. परतीच्या दिवशी ‘आता घर आलेच’ म्हणून कोल्हापूरहून रात्री दहाला निघणारे लोक याच पट्ट्यातून जातात. मेरठ-मुझफ्फरनगरकडेही ऊसपट्टाच आहे, तिकडेही हीच काळजी घ्यावी.

३. जिल्ह्याबाहेर पडण्याची वाट आणि पुढचे अवघड तुकडे

उत्तरेकडे जाणाऱ्या सातारकरांची खरी परीक्षा पुण्यात असते. पहाटे चारला सातारा सोडल्यास खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूर, कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल आणि वाकड हे सगळे उजाडण्याच्या सुमारास मागे पडते, आणि नाशिकला जायचे असल्यास चाकणही कारखान्यांच्या पाळीची गर्दी सुरू होण्याआधी ओलांडता येते. अंधारात न चालवण्याच्या नियमाला मी एवढा एकच अपवाद करतो, कारण हा रस्ता आपल्या ओळखीचा असतो आणि चालक झोप घेऊन निघालेला असतो. तरीही कात्रजच्या बोगद्यानंतरच्या उतारावर मागून येणारी अवजड वाहने वेग आवरू शकतीलच असे नाही, म्हणून नवले पुलापर्यंत आरशात पाहत डावीकडच्या बाजूने जावे.

पुढे इंदूर-आग्र्याकडे जायचे तर नाशिक, धुळे, सेंधवा हा मार्ग आहे. त्यावर महाराष्ट्राची हद्द संपताना पळासनेरनंतर बिजासन घाट लागतो. तेथे ट्रकच्या मागे धीराने राहावे. नागपूरच्या दिशेने जाणाऱ्या सांगलीकरांनी पुण्याच्या वाटेला जाऊच नये. मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर हा रस्ता सरळ आणि मोकळा आहे.

दक्षिणेकडे बेंगळुरूपर्यंत मोठा घाट नाही. बेंगळुरू शहरात शिरू नये. तुमकुरू रस्त्यावरून होसूर रस्त्याला जोडणारा नाइस रोड घ्यावा, त्याचा टोल वेगळा पडतो. धर्मपुरी आणि सेलमच्या दरम्यानचा तोप्पूर घाट दक्षिणेला जाताना उताराचा आहे आणि तो अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे वरूनच खालच्या गिअरमध्ये गाडी घालावी.

दिल्ली ओलांडून पुढे जाणाऱ्यांनी शहरात न जाता कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्गाने बाहेरून जावे. हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्ली व लगतच्या जिल्ह्यांत बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींवर (बीएस म्हणजे गाडीच्या धुराच्या मानकाची श्रेणी) निर्बंध येतात. तुमची गाडी कोणत्या श्रेणीची आहे ते आरसी पाहून ठेवा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दिवसाचे निर्बंध तपासा.

नकाशाच्या अॅपबद्दल एवढेच सांगतो की, सात-आठ मिनिटे वाचवण्यासाठी ते गावातल्या बोळात किंवा कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर घालते. मोठा रस्ता सोडायला सांगितले तर आधी एखाद्या ट्रकचालकाला विचारावे. संपूर्ण मार्गाचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्यावेत.

४. गाडीची तयारी निघण्याच्या दोन आठवडे आधी करा

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी परराज्यात नेऊ नये. सैल राहिलेला नट, गळणारा पाइप किंवा चुकीचा बसलेला फिल्टर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच उघड होतो. सर्व्हिसिंग झाल्यावर पूर्ण सामान आणि माणसे घेऊन एक चाचणी फेरी करावी. सातारकरांसाठी पसरणी घाट उत्तम आहे आणि सांगलीकरांसाठी आंबा घाट. घाट उतरून खाली आल्यावर गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ जाऊन वास घ्या. जळका वास येत असेल तर एकतर ब्रेकमध्ये दोष आहे किंवा तुम्ही गिअरऐवजी ब्रेकवर उतरत आहात. दोन्ही गोष्टी हिमाचलला जाण्यापूर्वी वाईतच कळलेल्या बऱ्या.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२२ असे असेल, तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी चांगली दिसली, तरी पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर झाली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. स्टेपनीत हवा आहे का, हे स्वतः पाहावे, कारण गॅरेजमध्ये ती तपासायची बऱ्याचदा राहून जाते. याशिवाय कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, वायपरचे रबर आणि हेडलाइटचा कोन पाहून घ्यावा. बीएस-६ डिझेल गाडीत अॅडब्लूची (धूर शुद्ध करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर ती भरून घ्या. सीएनजी गाडी असल्यास टाकीच्या हायड्रो चाचणीची मुदत तपासा, आणि डोंगराळ राज्यांत सीएनजी मिळणार नाही असे धरूनच खर्च काढा.

परराज्यातल्या पोलिसांना थांबवण्यासाठी आयती कारणे देऊ नयेत. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड आणि काचेची काळी फिल्म काढून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या.

५. कागदपत्रे

मूळ प्रती एका पिशवीत, छायाप्रती दुसऱ्या पिशवीत आणि डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये तिसरी प्रत, अशी व्यवस्था ठेवा. या दोन अॅपमधली कागदपत्रे मान्य करण्याच्या सूचना केंद्राने २०१८ मध्येच दिल्या आहेत, परंतु नेटवर्क नसलेल्या नाक्यावर कागदच उपयोगी पडतो.

- सर्व चालकांचे वाहन परवाने
- आरसी आणि पीयूसी. पीयूसीची मुदत प्रवास संपेपर्यंत असावी
- विम्याची पॉलिसी
- गाडी वडील, भाऊ किंवा मित्राच्या नावावर असल्यास त्यांचे सहीचे संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत
- लहान मुलांसह सर्वांचे आधार कार्ड, कारण लॉजवर प्रत्येकाचे मागतात
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी आणि आरोग्य विम्याचे कार्ड

विम्यात रस्त्यावरील मदतीची सोय आहे का आणि ती किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेते, हे एजंटला नेमके विचारून घ्या. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतो. तो ऑनलाइन काढून छापून ठेवा. भूतान किंवा नेपाळमध्ये गाडी नेण्याचा विचार असेल, तर आपली पॉलिसी तिथे लागू होते का ते आधी पाहावे. बहुधा वेगळा विस्तार घ्यावा लागतो.

एक सापळा स्पष्टच सांगतो. महाराष्ट्रात विकत घेतलेली दारूची बाटली गाडीत ठेवून गुजरात किंवा बिहारमध्ये शिरणे हा गुन्हा आहे, आणि राजस्थानकडे जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग गुजरातमधूनच जातो. डिकी तपासली जाते.

६. फास्टॅग, वार्षिक पास आणि खर्चाचा अंदाज

फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. टॅग चालत नसेल आणि रोख पैसे दिले, तर २०२५ मध्ये दुप्पट टोल पडत असे. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट घेतात. निघण्यापूर्वी टॅगची केवायसी पूर्ण करा आणि तो काचेला नीट चिकटलेला असू द्या.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत तो चालतो. नेहमीच्या नाक्यांवर एक नाका ओलांडला की एक फेरी धरतात. सातारा-कन्याकुमारी जाऊन-येऊन करणाऱ्याचे पैसे यात सहज वसूल होतात. मात्र हा पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, यमुना एक्सप्रेसवे आणि आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे राज्यांच्या अखत्यारीत असल्याने तिथे टॅगच्या शिलकीतूनच पैसे जातात. पास घेतला म्हणून शिल्लक शून्यावर आणलेल्या गाड्या तिथे अडकतात.

इंधनाचा हिशेब साधा आहे. एकूण अंतरात स्थानिक फिरण्यासाठी भर घालून त्याला गाडीच्या प्रत्यक्ष सरासरीने भागावे. जाऊन-येऊन २,८०० आणि स्थानिक ५००, असे ३,३०० किलोमीटर व लिटरला १५ची सरासरी धरल्यास २२० लिटर लागेल. एसी, सामान आणि घाट लक्षात घेता कंपनीने सांगितलेली सरासरी धरू नये. पेट्रोल गुजरात आणि उत्तर प्रदेशात आपल्यापेक्षा स्वस्त असते. मध्य प्रदेशात तसे नसते. पंपावर गाडीतून खाली उतरून मीटरचा शून्य पाहावा, आणि डिझेल की पेट्रोल हे मोठ्याने सांगावे.

७. सोबतची हत्यारे

जॅक, पाना, बारा व्होल्टचा हवा भरण्याचा पंप, ट्यूबलेस पंक्चरचे किट, ओढण्याचा दोर, जंपर केबल, टॉर्च, परावर्तक त्रिकोण, सुटे फ्यूज, हातमोजे आणि लिटरभर कूलंट एवढे पुरे. चाक बदलणे घराच्या अंगणात एकदा करून पाहा. नट इतके आवळलेले असतात की गाडीतला आखूड पाना पुरत नाही. लांब दांड्याचा पाना बाजारात मिळतो, तो घ्या.

८. मोबाइल, पैसे आणि मुक्काम

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत. किमान एका क्रमांकाचे पोस्टपेड करून घ्या, आणि तेही आठवडाभर आधी. दोन दिवसांच्या खर्चाची रोकड सुट्ट्या नोटांत ठेवा, कारण नेटवर्क गेले की यूपीआयही जाते.

मुक्काम शहराच्या मध्यभागी घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ज्या दिशेला जायचे, त्या बाजूच्या टोकाला घ्यावा. खोलीचे भाडे विचारण्याआधी गाडी आवारात लागेल का, ते विचारावे. स्वच्छतागृहासाठी ढाब्यापेक्षा मोठे पेट्रोल पंप बरे पडतात.

लेहला जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि मनालीकडून जाताना तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर जाते. पहिल्या खेपेला श्रीनगर-कारगिलमार्गे चढावे, कारण त्या वाटेने उंची हळूहळू वाढते. उतरताना मनालीचा रस्ता घ्यावा. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस काहीही करू नये. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मनालीच्या रस्त्यावर लेहकडचा कारूचा पंप सोडला की खात्रीचा पंप थेट टांडीला, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय निघू नये.

९. बिघाड किंवा अपघात झाल्यास

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा आणि सर्वांना रेलिंगपलीकडे उभे करा. गाडीत बसून मदतीची वाट पाहणे महामार्गावर सर्वांत धोक्याचे असते. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जवळचा किलोमीटरचा दगड वाचून तो आकडा सांगितला की मदत लवकर पोहोचते. अपघातग्रस्तांवर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न घेता उपचार करण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. ही माहिती गाडीतल्या प्रत्येकाला असावी, कारण चालकच जखमी असू शकतो. गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

१०. परतल्यावर

चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि ऑइलचे किलोमीटर पाहा. परराज्यातील ई-चलन काही आठवड्यांनीही येते, म्हणून परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक महिनाभर अधूनमधून तपासा. फास्टॅगचे विवरणपत्र काढून एकाच नाक्यावर दोनदा पैसे गेले आहेत का ते पाहा. तसे असल्यास टॅग देणाऱ्या बँकेकडे किंवा १०३३ वर लगेच तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.